पाय पाहून अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. सरकारी नोकरीत ज्याची वीस वर्षे गेली त्याला या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो त्याचा त्यालाच समजतो. मीही ही म्हण इमानाने पाळीत आलो. बदल्यांच्या निमित्ताने सहा गावी बिऱ्हाडे केली आणि दर खेपेस वळकट्या बांधताना, आपल्या पायांच्या मानाने अंथरूण आखूडच आहे, ही जाणीव नव्याने होत गेली. परंतु दोन वर्षांपूर्वी आईसाठी गादी विकत घेण्याचा प्रसंग आला, आणि तेव्हा मला असे कळून आले की, माणूस सत्तरीच्या पलीकडे गेले म्हणजे ही म्हण उलटी वाचावी लागते. आधी पाय पाहावे लागतात आणि मग अंथरूण घ्यावे लागते. हे मी अलंकारिक अर्थाने सांगत नाही. शिंप्याची टेप घेऊन मोजता येईल अशा अर्थाने सांगतो आहे.

गादी हा काही भाषणाचा विषय आहे का, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. गादी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजाची गादी येते, महंताची येते, नाही तर पेढीवरच्या शेटजींची येते. ज्या गादीवर आपण स्वतः आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा घालवितो तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. वृद्धांच्या बाबतीत तर हा हिस्सा आणखी वाढतो. दुपारची वामकुक्षी, पावसाळ्यातले दुखणे, पहाटे जाग येऊनही उजाडेपर्यंत पडून राहणे, हे सारे तिच्याच खात्यावर जमा होते. तरीसुद्धा घरात गादी घ्यायची झाली तर ती पसंत करतो घरातला कमावता मनुष्य. म्हणजे, ज्याला तिच्यावर सर्वांत कमी वेळ झोपायचे आहे तो.

माझे नेमके असेच झाले. वडील गेल्यावर आई वाईला दोन वर्षे एकटी राहिली. नंतर तिला मी दिल्लीला आणले. त्या वेळी तिचे वय शहात्तर होते. उत्तरेकडच्या घरांतून पेटीचा पलंग असतो, त्याच्या पोटात उन्हाळ्यात रजया ठेवतात. तसा एक पलंग तिच्या खोलीत होता. त्यावर घालायला मी एक गादी आणली. ती दहा इंच जाडीची होती, वर रेशमासारखे कापड होते आणि किंमत चोवीस हजार रुपये होती. दुकानदाराने तिला ‘ऑर्थोपेडिक’ असे विशेषण लावले होते. त्या विशेषणाचा माझ्यावर परिणाम झाला, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः गादीवर हा शब्द छापलेला असला म्हणजे एखाद्या अस्थितज्ज्ञाने आपल्या आईची पाठ तपासून ती बनविली आहे असे नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की गादी कठीण आहे. पण मुलाने आईसाठी काही घ्यायचे तर ते भारी घ्यावे, या समजुतीपुढे असल्या शंका टिकत नाहीत.

आईला विचारले, “गादी कशी आहे?” ती म्हणाली, “छान आहे. राजवाड्यात निजल्यासारखं वाटतं.” मी संतुष्ट झालो.

तीन आठवड्यांनी एका रात्री अडीचच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो आणि तिच्या खोलीत सहज डोकावलो. पलंग रिकामा होता. आई खाली फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर वाईहून आणलेली गोधडी घालून, पलंगाच्या पायथ्याशी अंगाची मुटकुळी करून झोपली होती. सकाळी विचारले तेव्हा प्रथम ती काहीच बोलेना. मग म्हणाली, “पाय टेकत नाहीत रे.”

हळूहळू सगळे बाहेर आले. रात्री तिला दोनतीनदा उठावे लागते. त्या उंच पलंगाच्या कडेला बसले की पाय अधांतरी लोंबत. म्हणून लहान मूल बाजेवरून उतरते तशी ती पालथी होऊन, चादर घट्ट धरून, एक पाय खाली सोडीत उतरायची. एकदा चादर निसटली आणि ती घसरली. कपाटाची मूठ हाती लागली म्हणून सावरली. त्या दिवसापासून आम्ही झोपलो की ती खाली अंथरूण घालायची आणि आम्ही उठायच्या आत ते उचलून ठेवायची. तिच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. जमिनीवरून उठताना ती पलंगाची कड धरून दोन टप्प्यांत उठे. म्हणजे त्या चोवीस हजारांच्या गादीचा आईला झालेला एकमेव उपयोग हा की, तिला धरून उठता येत होते.

“मग सांगितलं का नाहीस?” असे मी विचारले. त्यावर तिचे उत्तर होते, “एवढे पैसे घातलेस, आता कशाला सांगायचं?”

या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना मी सांगायला नको. चालते फिरते माणूस एका रात्रीत अंथरूण धरते, आणि पुष्कळांना पूर्वीसारखे हिंडणे पुन्हा कधीच साधत नाही. कपाटाची मूठ चार बोटे पलीकडे असती तर, हा विचार मनातून घालविण्यास मला पुष्कळ दिवस लागले.

त्याच सकाळी मी टेप घेऊन बसलो. खुर्चीवर बसवून, तळवा जमिनीवर सपाट ठेवून, आईच्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजले. ते पंधरा इंच भरले. पलंगाची पेटी सोळा इंच, वर दहा इंचांची गादी. बसल्यावर ती दोन इंच दबते असे धरले तरी चोवीस इंच. पंधरा इंचांचे पाय चोवीस इंचांवरून जमिनीला कसे टेकणार? हे गणित प्राथमिक शाळेतले आहे. पण ते दुकानदाराने केले नव्हते आणि एम. ए. झालेल्या मुलानेही केले नव्हते. वृद्ध माणसाच्या बिछान्याची उंची अशी असावी की, कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पुरते टेकले पाहिजेत, आणि मांड्या जमिनीशी समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या असल्या पाहिजेत. कंबर गुडघ्यापेक्षा जराशी वर असली की उठताना जोर कमी लागतो. त्याहून उंच बिछाना घसरवतो, आणि फार ठेंगणा बिछाना गुडघ्यांची परीक्षा पाहतो. ही उंची मोजायची ती माणूस बसले असताना, गादी दबलेली असताना. दुकानात उभ्याने पाहिलेली उंची काही कामाची नाही.

गादीची कडही पाहावी लागते. वृद्ध माणूस कडेवर बसते, कडेवर हात दाबून उठते, कडेवर बसूनच लुगड्याच्या निऱ्या सावरते. काही गाद्या मध्ये चांगल्या असतात, पण कडेला बसले की उतरंड होऊन माणसाला पुढे लोटतात. दुकानात आपण पाहतो ते मधोमध हात दाबून.

उंचीचा प्रश्न झाला. आता गादी कठीण असावी की मऊ, हा सनातन वाद. आपल्या घरांतून पाठीच्या दुखण्यावर एक उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला: फळीवर झोपा. कठीण ते गुणकारी आणि मऊ ते लाडावलेल्यांचे, अशी आपली एक नैतिक समजूतही त्यामागे असावी. या समजुतीची परीक्षा स्पेनमध्ये डॉ. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांचे सहकारी यांनी घेतली, आणि तिचा निष्कर्ष २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंबरेचे जुनाट दुखणे असलेल्या ३१३ माणसांपैकी काहींना कठीण गाद्या दिल्या आणि काहींना मध्यम. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि त्यामुळे कामात येणारी अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम गादीवर झोपणाऱ्यांची स्थिती अधिक सुधारलेली आढळली. ही माणसे सगळीच काही वृद्ध नव्हती, आणि एका प्रयोगावरून शास्त्र ठरत नाही. तथापि, फळीचा आग्रह धरण्याचे कारण उरले नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

वृद्धांना तर फळी अधिकच जाचते. वयाबरोबर स्नायू झडतात, कातडी पातळ होते, आणि खुब्यावर, खांद्यावर, टाचेवर हाडाला जे मांसाचे अस्तर असते ते विरत जाते. तरुणाला जी गादी टणक वाटते ती वृद्धाला बोचते. पण म्हणून मऊ गादी घ्यावी, तर त्याचाही दुसरा दोष आहे. मऊ गादीत शरीर रुतते, आणि रुतलेल्या शरीराला कूस बदलण्यासाठी जोर करावा लागतो. आपण झोपेत किती वेळा कूस बदलतो हे आपल्याला ठाऊकही नसते. अशक्त माणसाला मात्र दर वेळी त्यासाठी जागे व्हावे लागते. एक ढोबळ चाचणी सांगतो. उताणे निजून कंबरेखाली हात सरकवावा. हात मोकळा फिरण्याइतकी पोकळी राहिली तर गादी फार कठीण. हात शिरतच नसेल तर फार मऊ. कुशीवर निजल्यावर दुसऱ्या कोणी मागून पाहावे, पाठीचा कणा मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ रेषेत आहे की नाही. आणि मग त्या व्यक्तीला सांगावे, आता एकदा कूस बदला. ते किती सहज जमते यावरून गादीची अर्धी परीक्षा होते.

आता गादीच्या पोटात काय असते ते पाहू.

माझ्या लहानपणी या प्रश्नाला एकच उत्तर होते, कापूस. दिवाळीच्या आधी पिंजारी दारावर यायचा. खांद्यावरचे ते लांब धनुष्य तो अंगणात टांगायचा आणि लाकडी दांडूने त्याची तात छेडायचा. त्या नादाबरोबर गाठीगाठींचा, मळकट झालेला कापूस पाहता पाहता ढगासारखा फुलून यायचा. आम्हां मुलांना तो सोहळा वाटे. आई मात्र शेजारी पाट टाकून बसे आणि जुना कापूस किती निघाला व नवा किती घातला यावर नजर ठेवी. मग खोळ भरायची, काठीने झोडून कापूस सारखा करायचा आणि दाभणाने टाके घालायचे. आता पिंजण्याचे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होते, पण गादीचे शास्त्र तेच आहे. तिचा मोठा गुण हा की ती अंगाचा घाम शोषते, उन्हाळ्यात तापत नाही, आणि बसली तर टाकून द्यावी लागत नाही. पिंजून घेतली की पुन्हा नवी. खर्चाच्या दृष्टीने तिच्याशी स्पर्धा करील अशी दुसरी गादी नाही. दोष हा की, तिला सेवा लागते. ऊन दाखवावे लागते, उलटावी लागते, वर्षादोनवर्षांनी पिंजावी लागते. हे केले नाही तर खुब्याखाली खड्डा पडतो आणि माणूस त्या खड्ड्याच्या आकाराचे होऊन जाते. कोकणातल्या पावसाळ्यात ती दमट होते, तिला वास येतो. शिवाय ती जड असते. आईच्या वाईच्या गादीत आठ किलो कापूस होता. ज्या घरी ती उचलून गच्चीवर नेणारे तरुण हात आहेत त्या घरी कापसाची गादी उत्तम. वाईला आई एकटी राहत होती त्या दोन वर्षांत तिने गादीला किती वेळा ऊन दिले असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

काथ्याची गादी हीदेखील आपल्या मातीतलीच. नारळाच्या सोडणातून निघणाऱ्या काथ्याचे तंतू आधी पिळून दोर करतात, मग उलगडतात, म्हणजे ते कुरळे राहतात. त्यांवर रबराचा चीक फवारून, दाबून, तापवून त्याचे थर तयार करतात. १९५३ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारने या धंद्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले आहे, हे आम्हां फायलीवाल्यांना सांगावेसे वाटते. अशी गादी टणक असते, तिच्यातून हवा खेळते, आणि किंमत बेताची असते. फार पातळ आणि स्वस्त असली तर काही वर्षांत नित्य निजण्याच्या जागी तंतू मोडतात आणि पलंगाखाली भुसा पडू लागतो. भुसा दिसला की गादीचे आयुष्य संपले असे समजावे.

राहिले फोम. हा कृत्रिम पदार्थ ज्या रसायनापासून होतो ते ऑटो बायर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ साली शोधून काढले. फोमच्या बाबतीत घनता आणि काठिण्य यांचा लोक फार घोटाळा करतात. घनता म्हणजे एका घनमीटरात किती किलो माल आहे ते. घनता चांगली असली म्हणजे फोम लवकर बसत नाही. तो मऊ की कठीण हा प्रश्न निराळा. दुकानदार घनतेचा आकडा तोंडाने सांगतो, पण त्याची शहानिशा करण्याचा उपाय आपल्या हाती आहे. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड अशी संपूर्ण फोमची गादी, घनमीटरला चाळीस किलो घनतेची असेल तर आतला फोम पावणेसात किलोंच्या आसपास भरला पाहिजे. साडेचार किलोच भरला तर आकडा खोटा. एका दुकानात मी वजनकाटा मागितला तेव्हा तिथल्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी गादीऐवजी भाजी घ्यायला आलो आहे.

ज्याला ‘मेमरी फोम’ म्हणतात तो १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी, विमानातल्या आसनांच्या गाद्यांकरिता, चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीराचा आकार धारण करतो. हाडे बोचणाऱ्यांना त्याने बरे वाटते हे खरे. पण जो पदार्थ उबेने मऊ होतो तो थंडीने कडक होणारच. दिल्लीच्या जानेवारीत तो रात्री दगडासारखा लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात अंगाला वेढून उकाडा वाढवितो. शिवाय त्याने एकदा आकार घेतला की त्यातून कूस बदलणे अशक्त माणसाला कठीण जाते. म्हणून घ्यायचाच तर टणक गादीवर इंच दीड इंचाचा थर पुरे. रबराच्या चिकापासून केलेल्या लॅटेक्सच्या गादीत हा दोष नाही. ती उसळी देते, कूस वळवायला मदत करते. मात्र महाग असते आणि उचलायला जड. स्प्रिंगच्या गाद्यांविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. एका विश्रामगृहात मी तीन रात्री तिच्यावर काढल्या, तेवढाच परिचय.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कोणाला आवडत नाही. वडील शेवटचे सात आठवडे अंथरुणाला खिळून होते. त्यांना आम्ही चांगल्या मऊ गादीवर ठेवले होते, आणि मऊ गादी असली की झाले अशी आमची समजूत होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडापाशी जखम दिसली. मध्ये भोक असलेली रबरी उशी आम्ही आणली. तिच्या कडेने भोवतालचा रक्तप्रवाहच दाबला जातो, म्हणून ती वापरू नये, हे आम्हांला मागाहून एका परिचारिकेने सांगितले. तिनेच शिकविले की, ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याला दिवसरात्र साधारण दर दोन तासांनी वळविले पाहिजे. किती वेळाने, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. टाचा, खुबे आणि माकडहाड रोज पाहावे. बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही पहिली सूचना असते. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे जागा अधिक काळवंडलेली, गरम किंवा घट्ट लागते. पंपाने आळीपाळीने कप्पे फुगणारी हवेची गादी मिळते आणि ती उपयोगी पडते, पण तिच्यामुळे वळविण्याचे काम चुकत नाही. ती जखम शेवटपर्यंत भरून आली नाही. आई रात्रभर त्यांच्या पायाशी बसून असायची. त्या वेळी हे कोणी आम्हांला तीन आठवडे आधी सांगितले असते तर, असे मला अजून वाटते, म्हणून सांगितले.

आईची दुसरी गादी घ्यायची ठरली तेव्हा पहिली अट ही घातली की, ती स्वतः दुकानात येईल. गादी पारखण्याचा खरा मार्ग म्हणजे चपला काढून, रोजच्या सवयीच्या कुशीवर, निदान दहा पंधरा मिनिटे तिच्यावर निजणे. पण दुकानात, परक्या पुरुषांदेखत, शहात्तर वर्षांची बाई आडवी होईल का? “मी नाही हो बाजारात निजायची,” असे तिने गाडीतच बजावून सांगितले. शेवटी माझ्या पत्नीने युक्ती केली. आम्ही ऐन दुपारी गेलो, दुकान रिकामे होते. पत्नीने दुकानदाराला आणि मला दोघांनाही बाहेर काढले, आपण आधी एका गादीवर लांब झाली आणि म्हणाली, “आई, तुम्ही या शेजारी. आपण जरा पाय मोकळे करू.” वीस मिनिटांनी आत बोलावणे आले तेव्हा आई तिसऱ्या गादीवर बसली होती आणि तिचा निर्णय झालेला होता. सहा फूट बाय तीन फूट, चार इंच काथ्या, वर एक इंच लॅटेक्स. किंमत साडेसहा हजार. आईने पाचशे कमी करून घेतले.

हल्ली गाद्या हवा काढून, गुंडाळून, खोक्यातूनही घरी येतात आणि काही विक्रेते पसंत न पडल्यास परत करण्यासाठी ठराविक रात्रींची मुदत देतात. ज्यांना दुकानात जाणे शक्य नाही त्यांना ही सोय चांगली. मात्र परत नेण्याचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी विचारावे. हमीपत्र वाचण्याचा कंटाळा करू नये. त्यात दहा वर्षांचा आकडा ठळक असतो, आणि गादीला अमुक खोलीचा खड्डा पडला तरच हमी लागू, डाग पडला असेल तर मुळीच नाही, हे मजकूर बारीक असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून धुता येईल असा अभ्रा घालावा. पाणी न झिरपणारा अभ्रा हवा असेल तर रेक्झिनचा नको, त्यात घाम साचतो. हवा खेळणारे कापड मिळते. हा अभ्रा वृद्धांच्या गादीवर घालताना त्याची चर्चा करू नये. सगळ्यांच्याच गाद्यांवर घालावा, म्हणजे कोणाला काही वाटत नाही.

पेटीचा पलंग तिच्या खोलीतून हलविला आणि सुताराकडून साडेअकरा इंच उंचीची साधी लाकडी खाट करून घेतली. तिला आठ हजार पडले. वर पाच इंचांची गादी. आई कडेला बसली की ती अर्धा इंच दबते, आणि तिचे तळवे पुरते टेकतात. खाट भिंतीला अशी लावली की ती नेहमी ज्या कुशीने उठते ती बाजू मोकळी राहील, आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत मंद दिवा ठेवला. दहा इंचांची ती भारी गादी माझ्या पलंगावर आली. मला ती तितकीशी मानवत नाही, पण हे घरात बोलण्याची सोय राहिलेली नाही.

नव्या गादीवर आईने पहिल्याच रात्री आपली गोधडी पसरली. लॅटेक्सवर गोधडी कशाला, असे मी म्हणणार होतो, पण या खेपेस आधी विचारले. ती म्हणाली, “ती तुझ्या वडिलांच्या धोतरांची आहे.” गोधडीने उंची पाव इंच वाढते, तेवढी चालते.

मागच्या महिन्यात वाईहून मावशीचा फोन आला होता. आई बराच वेळ तिच्याशी हलक्या आवाजात बोलत होती. मधूनच “बसून, बसून मोज, उभ्यानं नव्हे” एवढे मला ऐकू आले. रात्री जेवताना तिने मला सांगितले, “तिचं साडेचौदा इंच भरतं. तुझ्या मावसभावाला तू कळव, म्हणजे तो सुताराला सांगेल.” मी कळविले.